नदीचं पाणी अधिक भूजल = पावसापेक्षा जास्त? हिशेब कुठे चुकतोय?

कोरडाठाक

नमस्कार मंडळी. वाचक जुना, पण धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

एका लहान नदीच्या खोऱ्यात एकूण पाणी किती आहे, याचा अभ्यास करतोय. क्षेत्र 320 चौरस किलोमीटर. आकडे अजून कच्चे आहेत म्हणून जागेचं नाव देत नाही. खालचे सगळे आकडे वर्षाचे आणि मिलिमीटरमध्ये, म्हणजे ते पाणी खोऱ्यावर सारखं पसरलं तर जेवढा थर होईल तेवढे.

पाऊस 800. खोऱ्याच्या तोंडाशी नदीतून बाहेर गेलेलं पाणी 230. बाष्पीभवन आणि झाडापिकांचं बाष्पोत्सर्जन मिळून 555, हे उपग्रहावर आधारलेल्या माहितीवरून. विहिरींच्या पातळीवरून काढलेलं भूजल पुनर्भरण 90.

230 + 555 + 90 = 875.

पडलं 800 आणि खर्च 875. वरचे 75 आले कुठून? तीन वेळा तपासलं. मार्गदर्शक म्हणाले, "पावसाचा आकडा थोडा वाढवून बघ." ते काही मनाला पटेना, म्हणून इथे विचारतोय.

उंटावरचा_शहाणा

अभिनंदन! दरवर्षी 75 मिमी पाणी स्वतः तयार करणारं खोरं सापडलंय तुम्हाला. पत्ता द्या, आम्ही तिकडेच राहायला येतो.

जुना_मोजणीदार

शहाण्या, पोराला छळू नकोस. ही चूक मीही केलेली आहे, आणि छापील अहवालात केलेली आहे.

कोरडाठाक, तुझी मोजणी नाही, मांडणी चुकलीय. पुनर्भरण म्हणजे खोऱ्यातून बाहेर गेलेलं पाणी नव्हे. ते मातीतून खाली उतरून जलधरात, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात गेलं, म्हणजे या हाताचं त्या हाताला गेलं. पुढे तेच पाणी झऱ्यांतून आणि पाझरातून नदीत उतरतं आणि तोंडाशी तुझ्या 230 मध्ये मोजलं जातं. काही विहिरींतून उपसलं जातं, पिकं ते हवेत सोडतात, आणि मग ते तुझ्या 555 मध्ये येतं. 90 वेगळे धरलेस तर तेच पाणी दोनदा मोजलं गेलं.

खोऱ्याचा ताळेबंद एका ओळीचा आहे: पाऊस = बाहेर गेलेला प्रवाह + बाष्पोत्सर्जन + साठ्यातला बदल. 800 = 230 + 555 + उरलेले 15. ते 15 जमिनीत साठले असतील किंवा मोजणीतली चूक असेल. बहुधा चूकच, कारण एवढ्या अचूकतेने पाऊस कोणालाच मोजता येत नाही.

कोरडाठाक

काका, डोक्यात प्रकाश पडला. पण मला ताळेबंद नाही, "एकूण जलसंपत्ती" लिहायचीय. भूपृष्ठावरचं 230 आणि भूजल 90, मिळून 320. असंच लिहितात ना सगळे?

जुना_मोजणीदार

सगळे लिहितात, तीच तर अडचण आहे. एक खातं नदी मोजतं, दुसरं विहिरी मोजतं आणि तिसरं कोणीतरी दोन्ही आकड्यांची बेरीज करून वर सही ठोकतं.

जागतिक अन्न व कृषी संघटनेचा ॲक्वास्टॅट नावाचा माहितीसाठा देशोदेशींचे आकडे देतो. त्यात भूपृष्ठीय पाणी आणि भूजल यांच्यासोबत तिसरा आकडा असतो: दोघांत सामाईक असलेलं पाणी. एकूण काढताना तो वजा करतात. तुलाही तो शोधायचाय. 230 पैकी किती पाणी जमिनीच्या पोटातून आलं? म्हणजे बेसफ्लो किती? रोजच्या प्रवाहाची नोंद आहे का तुझ्याकडे? वर्षाच्या एका आकड्यावर हे निघणार नाही.

वाचनमात्र

खाते काढलं ते खास हे विचारायला. नदीत वाहणाऱ्या पाण्यातलं कुठलं पावसाचं आणि कुठलं जमिनीतलं, हे कळतं कसं? पाण्यावर शिक्का थोडाच असतो?

खडकवेडी

छान प्रश्न. आणि शिक्का असतो! क्षार, तापमान, समस्थानिकं. पण त्याआधी साधी युक्ती.

प्रवाहाचा आलेख काढला की पावसानंतर टोकदार उंचवटा दिसतो. तो उतरला की एक लांब, सावकाश घसरणारी शेपटी उरते. पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झाले तरी नदी वाहतेय, तर ते पाणी जमिनीतलंच असणार (वर धरण नसेल तर). ही शेपटी साधारण ठरावीक दराने घसरते. वीस दिवसांत निम्मी झाली तर पुढच्या वीस दिवसांत पुन्हा जवळपास निम्मी. हा दर जलधराचा स्वभाव सांगतो. लवकर आटली तर साठा लहान किंवा निचरा भराभर होणारा, दीर्घकाळ टिकली तर पोट मोठं.

या शेपटीच्या आधाराने उंचवट्याखालचा भाग वेगळा काढतात. पूर्वी हाताने रेघ मारायचे, आता अंकीय गाळणी वापरतात. लाइन आणि हॉलिक या दोघांनी 1979 मध्ये सुचवलेली गाळणी अजून चालते. पण तिला भूजल कळत नाही, तिला फक्त "सावकाश बदलणारं पाणी" कळतं. धरणातून सोडलेलं पाणी, कालव्याचा परतावा, एखाद्या दलदलीतून निघणारं पाणी, हे सगळं ती निमूट भूजलात जमा करते.

खडकाप्रमाणे हे प्रमाण प्रचंड बदलतं. दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या दगडावरच्या काही नद्यांमध्ये वर्षाच्या प्रवाहातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग बेसफ्लोचा असतो. चिकणमातीच्या खोऱ्यात तोच तीस टक्क्यांच्या खाली जातो. म्हणून एका खोऱ्याचं प्रमाण उचलून दुसऱ्याला चिकटवू नये.

नकाशेवाली

कोरडाठाक, खोऱ्याची हद्द कशावरून काढलीस? उंचीच्या अंकीय नमुन्यावरून संगणकाने आखली असशील तर तो भाग निश्चिंत आहे. हल्ली 30 मीटर जाळीचे नमुने फुकट मिळतात, हाताने आखण्यापेक्षा बरेच.

खडकवेडी

नकाशेवाली ताई, निश्चिंत हा शब्द मागे घ्या :)

तुमचा नमुना जमिनीचा उतार पाहतो. पाणीपातळीचा उतार वेगळा असू शकतो, आणि चुनखडीत तर काहीही होतं. डॅन्यूब नदीचंच घ्या. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ ती आपल्या पात्रातच जिरते, वर्षातले बरेच दिवस तिथलं पात्र पूर्ण कोरडं असतं. 1877 मध्ये तिथे हिरवा चमकणारा रंग आणि मीठ सोडून पाहिलं. साधारण 60 तासांनी ते पाणी सुमारे 12 किलोमीटरवरच्या आख नदीच्या उगमात निघालं. आख जाते कॉन्स्टन्स सरोवरात आणि तिथून ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्रात. नकाशावर काळ्या समुद्राच्या खोऱ्यात पडलेला पाऊस प्रत्यक्षात उत्तर समुद्राला मिळतो. युरोपचा मुख्य जलविभाजक जमिनीखालून ओलांडला जातो, आणि उंचीच्या नमुन्याला त्याचा पत्ता नसतो.

नकाशेवाली

मागे घेतला. 12 किलोमीटर 60 तासांत, म्हणजे तासाला 200 मीटर! भूजल म्हणजे मुंगीच्या पावलांनी चालणारं, असं डोक्यात होतं.

खडकवेडी

वाळूत मुंगीच्या पावलांनीच. पारगम्यता (थर पाणी किती सहज जाऊ देतो ते) दिवसाला 10 मीटर, पातळीचा उतार किलोमीटरला 2 मीटर आणि सच्छिद्रता 20 टक्के धरा. डार्सीच्या नियमाने पाणी दिवसाला 10 सेंटीमीटर सरकतं, वर्षाला 36 मीटर. ही तर चांगली वाळू झाली. चुनखडीतल्या विवरांत ते पळतं. बेसाल्टमध्ये दोन्हींच्या अधेमधे काहीतरी, आणि तेही दर थराला वेगळं.

(डार्सीने हा नियम 1856 मध्ये मांडला तो दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड अहवालाच्या परिशिष्टात. परिशिष्टं वाचत जा लोकहो.)

कोरडाठाक

माझ्याकडे बेसाल्टच आहे. वर मुरूम, खाली मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा बेसाल्ट), मग काळा पाषाण, मध्ये कुठेकुठे गेरूचा लाल पट्टा. रोजच्या प्रवाहाची चार वर्षांची नोंद मिळाली. वर धरण नाही. गाळणी लावली, बेसफ्लो 60 मिमी आला.

म्हणजे सामाईक 60. एकूण 230 + 90 − 60 = 260. बरोबर?

जुना_मोजणीदार

मार्ग बरोबर. आता वरून येऊन बघ. पावसातून बाष्पोत्सर्जन वजा केलं तर 800 − 555 = 245. पण तुझ्या 555 मध्ये उपशावर वाढलेल्या पिकांनी उडवलेलं पाणीही आहे. ते संपत्तीतूनच वापरलेलं, म्हणून परत मिळवायला हवं. उपसा किती?

कोरडाठाक

अंदाजे 45 मिमी. त्यातलं तिसरा हिस्सा परत मुरतो असं धरलंय, म्हणजे निव्वळ वापर 30.

अरे! 245 + 30 = 275. खालून 260, वरून 275. आणि 60 नदीला + 30 पिकांना = 90, म्हणजे पुनर्भरणाइतकेच! जुळलं!!

उंटावरचा_शहाणा

एवढं जुळलंय की आता मलाच शंका येतेय.

खडकवेडी

शहाणे आज पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलले.

कोरडाठाक, ते 90 आले कसे ते सांग. कोरड्या दिवसांच्या अखेरची पातळी आणि पावसानंतरची पातळी यांतला सरासरी फरक गुणिले स्पेसिफिक यील्ड, असंच ना? स्पेसिफिक यील्ड किती धरलंस?

कोरडाठाक

पातळीतला फरक 3.6 मीटर. स्पेसिफिक यील्ड 0.025. 3600 × 0.025 = 90.

खडकवेडी

आणि 0.025 का? कारण असल्या बेसाल्टला 1 ते 3 टक्के धरतात आणि तुला मधलं काहीतरी बरं वाटलं. 0.015 धर, पुनर्भरण 54. 0.03 धर, 108. एकाच विहिरीवरून, एकाच फूटपट्टीने, निम्म्याचा किंवा दुपटीचा फरक.

वाचनमात्रसाठी: खडकात पोकळी किती, हा एक प्रश्न, आणि त्यातलं पाणी किती सुटून येतं, हा दुसरा. चिकणमातीत पोकळी 40-50 टक्के असते, पण निथळायला ठेवलं तर पाणी सुटतं तीन-चार टक्केच, बाकीचं ती घट्ट धरून ठेवते. स्पेसिफिक यील्ड म्हणजे हे सुटणारं पाणी. बेसाल्टमध्ये तर ते खोलीबरोबर बदलतं. पातळी मुरमात आणि मांजऱ्यात असताना एक मीटर चढणं म्हणजे जितकं पाणी, त्यापेक्षा कितीतरी कमी पाणी घट्ट पाषाणातल्या सांध्यांत एक मीटर चढताना लागतं. सरसकट एक आकडा 3.6 मीटरला लावणं म्हणजे वरच्या आणि खालच्या खडकाला एकाच मापाने तोलणं.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. पातळी चढत असतानाही खालून ओढ्याला पाणी जातच असतं. म्हणजे पातळीतला फरक फक्त साचलेलं पाणी दाखवतो, आलेलं सगळं नाही. या पद्धतीचं पुनर्भरण बरेचदा खऱ्यापेक्षा कमी येतं ते यामुळेच.

जुना_मोजणीदार

विहिरींबद्दल एक आठवण. आमच्या एका कामात निरीक्षण विहिरींपैकी एकीत पातळी दर सोमवारी वर आणि शनिवारी खाली. महिनाभर आम्ही त्यावर सिद्धांत रचत बसलो. शेवटी कळलं की विहिरीचे मालक रविवारी पंप बंद ठेवतात. चालू विहिरीला निरीक्षण विहीर म्हणायचं नाही, हा धडा मी असा घेतला. दुसरा प्रकार नदीवर. मोठ्या पुराने पात्राचा तळ खरवडला, पट्टी मात्र जागच्या जागी. पट्टीवरची पातळी तीच, पण खालचं पात्र खोल झालेलं, आणि आम्ही दोन वर्षं जुन्याच पातळी-प्रवाह वक्रावरून नदीतलं पाणी कमी लिहीत राहिलो. पूर येऊन गेला की वक्र नव्याने तपास बाबा.

ग्रिडसेल

इतकी हातमोजणी कशाला? भूजलाचं त्रिमिती मॉडेल उभं करा, विहिरींच्या पातळ्यांशी जुळवा, पुनर्भरण आपोआप निघेल.

बरं, गंमत केली. मीच मॉडेलवाला आहे आणि मीच सांगतो की निघणार नाही. फक्त पातळ्यांवर मॉडेल जुळवलं तर पुनर्भरण आणि पारगम्यता ही जोडी सुटी होत नाही. दोन्ही दुप्पट करा, स्थिर अवस्थेत पातळ्या जिथल्या तिथे. मॉडेल तितकंच सुंदर जुळतं आणि उत्तर दुप्पट चुकीचं असतं. ही गाठ सोडवायला कुठला तरी वाहता आकडा लागतो, आणि तो सर्वांत स्वस्तात मिळतो कोरड्या दिवसांत नदीत. म्हणून माझ्याकडे कोणी मॉडेलसाठी आलं की मी आधी विचारतो, पाऊस नसताना तुमच्या नदीत किती पाणी असतं? दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं. पुराची नोंद सगळ्यांकडे असते, कारण पूर दिसतो.

नकाशेवाली

उपग्रहवाल्यांवर कोणी घसरायच्या आत मीच सांगते. ग्रेस नावाचे जोडउपग्रह 2002 ते 2017 पृथ्वीच्या गुरुत्वातले फरक मोजत होते, 2018 पासून त्यांची पुढची जोडी फिरतेय. दोघांमधलं साधारण 220 किलोमीटरचं अंतर केसाच्या जाडीहून सूक्ष्म फरकाने कळतं आणि त्यावरून खालच्या पाण्याचं वजन. वायव्य भारतात 2002 ते 2008 या काळात 109 घन किलोमीटर भूजल घटल्याचं 2009 मध्ये याच माहितीवरून मांडलं गेलं. पण ते लाखो चौरस किलोमीटरसाठी. 320 चौरस किलोमीटरचं खोरं म्हणजे त्याच्या एका ठिपक्यातला कण. तिथे हा आकडा वापरू नकोस, कोणी कितीही रंगीत नकाशा दाखवला तरी.

बाष्पोत्सर्जनाचा उपग्रही आकडाही मापलेला नसतो, तापमान आणि हिरवाईवरून गणिताने काढलेला असतो. तुझ्या ताळेबंदातला सर्वांत मोठा आकडा तोच, आणि सर्वांत कमी पाहिलेलाही तोच. 555 मध्ये दहा टक्के इकडेतिकडे झाले की 55 मिमी. तुझा अख्खा बेसफ्लो जवळपास त्यातच बुडाला.

वाचनमात्र

एक भाबडा प्रश्न. विहीर नदीपासून एक-दोन किलोमीटर लांब असेल तर तिच्या उपशाचा नदीशी काय संबंध? ते पाणी तर विहिरीखालचं.

जुना_मोजणीदार

भाबडा नाही. यावर देशादेशांत नाही, पण राज्याराज्यांत खटले झालेत. अमेरिकेत कॅन्सस आणि कोलोराडो या राज्यांनी आर्कान्सस नदीच्या पाण्याचा करार 1948 मध्ये केला. पुढे वरच्या कोलोराडोत नदीकाठच्या खोऱ्यात विहिरी वाढल्या. कालवा कोणी नवा काढला नाही, पण खाली कॅन्ससला पाणी कमी पोचू लागलं. 1985 मध्ये कॅन्सस सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1995 मध्ये न्यायालयाने मान्य केलं की विहिरींच्या उपशाने करार मोडलाय.

कारण थाइस नावाच्या अभ्यासकाने 1940 मध्ये सांगून ठेवलंय. विहिरीने काढलेलं पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकतं: साठा घटतो, पुनर्भरण वाढतं, किंवा जलधरातून जे पाणी नैसर्गिकरीत्या बाहेर पडत होतं ते कमी होतं. चौथी जागा नाही. सुरुवातीला सगळं साठ्यातून येतं, मग हळूहळू नदीचा वाटा घटतो.

किती हळूहळू ते ग्रिडसेल सांगेल, मला गणिताचा कंटाळा.

ग्रिडसेल

अंतराचा वर्ग गुणिले स्पेसिफिक यील्ड, भागिले पारवहन (पारगम्यता गुणिले जलधराची जाडी). नदी सरळ, जलधर एकसारखा, असं सोपं चित्र धरून. समजा वाळूचा जलधर आहे: अंतर 1000 मीटर, स्पेसिफिक यील्ड 0.2, पारवहन दिवसाला 500 चौरस मीटर. उत्तर 400 दिवस. म्हणजे सतत उपसा केला तर 400व्या दिवशी उपशातला सुमारे 48 टक्के भाग नदीच्या वाट्याचा असतो. विहीर दुप्पट लांब नेली, 2000 मीटरवर, की 1600 दिवस. परिणाम टळत नाही, उशिरा येतो. आणि वाईट बातमी ही की पंप बंद केल्यावरही तो तितकाच रेंगाळतो. नदी आटली म्हणून उपसा थांबवला तर पुढची एक-दोन वर्षं "काही फरक पडत नाही" असं वाटत राहतं.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे "पुनर्भरण 90 आहे, तेव्हा 90 पर्यंत उपसा सुरक्षित" हे जे लिहितात...

ग्रिडसेल

...ते लिहिताना नदी कोरडी करायची परवानगी देतात, नकळत. 90 उपसून ते सगळे पिकांनी हवेत सोडले तर शेवटी बेसफ्लोचे 60 उरत नाहीत. पाणी सुरक्षित, झरा मेला. ब्रेडेहॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये याला सरळ "मिथक" म्हटलं. किती उपसा चालेल हे पुनर्भरणाने ठरत नाही, नदीत किती पाणी राहायला हवं यावर ठरतं. आणि तो निर्णय अभ्यासकाचा नाही, लोकांचा.

कोरडाठाक

बापरे. आनंद दोनच दिवस टिकला. मग आता करू काय? 90 वर विश्वास ठेवू की नको?

खडकवेडी

दुसऱ्या वाटेने तपास. पावसातलं क्लोराइड आणि भूजलातलं क्लोराइड मोज. पाणी हवेत उडतं, क्लोराइड उडत नाही, मागे राहून दाट होतं. समजा पावसात (धुळीबरोबर येणारं धरून) लिटरला 1.2 मिलिग्रॅम आणि भूजलात 12. दहापट दाट झालं, म्हणजे पावसाचा दहावा भाग खाली पोचला, 800 चे 80. फक्त नमुने खतांपासून, गुरांच्या गोठ्यापासून आणि सांडपाण्यापासून लांबच्या विहिरीतले घे. तिथलं क्लोराइड पावसाचं नसतं, आणि पुनर्भरण खोटंच कमी येतं.

आणि ओढा चालत जा. खरंच, पायी. पाऊस थांबून बरेच दिवस झाल्यावर, एकाच दिवसात, वरून खालपर्यंत पाच-सहा ठिकाणी प्रवाह मोज. मधे मिळणारे ओहोळही मोज. कुठे पाणी वाढतं आणि कुठे घटतं, हे एका दिवसात जेवढं कळतं तेवढं वर्षभराच्या कागदांतून कळत नाही.

जुना_मोजणीदार

लहान ओढ्यात वेग मोजायचं पंख्याचं यंत्र बुडवू नकोस, पाणी पंख्यापुरतंही नसेल. काटकोनी खाचेची पाटी लाव. खाचेवरून 10 सेंटीमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण 4.4 लिटर. 20 सेंटीमीटर म्हणजे दुप्पट नव्हे, जवळपास 25 लिटर. म्हणून उंची मिलिमीटरमध्ये वाच, आणि पाटीच्या तोंडाशी नको, थोडी मागे वाच, तोंडाशी पाणी वाकतं. पाटी बसत नसेल तर लाकडाचा तुकडा सोडून वेग काढ, पण पृष्ठभागाच्या वेगाला 0.85 ने गुण, कारण तळाशी पाणी सावकाश असतं.

वाचनमात्र

हे वाचताना सहज आठवलं. पियेर पेरो नावाच्या माणसाने 1674 मध्ये सेन नदीच्या उगमाकडच्या भागात पाऊस आणि नदीचा प्रवाह यांचा हिशेब मांडला. तोवर बऱ्याच विद्वानांना वाटायचं की पाऊस नद्यांना पुरेल एवढा नसतोच, समुद्राचं पाणी जमिनीखालून चढून झऱ्यांना येतं. पेरोला पाऊस नदीच्या सहापट निघाला. म्हणजे तेव्हा प्रश्न होता पाणी कमी कसं पडत नाही, आणि कोरडाठाकचा प्रश्न जास्त कसं झालं. साडेतीनशे वर्षांत एवढी प्रगती :)

कोरडाठाक

तीन आठवड्यांनी परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल माफी.

ओढा चाललो. सहा ठिकाणं, एक दिवस, पायांना दोन जळवा. वरून खाली, सेकंदाला लिटरमध्ये: 6, 14, 31, 38, 52, 38. तिसऱ्या जागेच्या वर उजव्या काठाला मांजऱ्याचा थर उघडा पडलाय, त्याच्या खालच्या गेरूवरून पाणी अक्षरशः पाझरताना दिसलं, फोटो काढलेत. क्लोराइडवरून पुनर्भरण 70 आणि 95 च्या मधे येतंय, तेव्हा आता अहवालात 90 असा एकच आकडा न लिहिता पट्टा लिहिणार.

पण शेवटच्या टप्प्यात 52 चे 38 झाले. 14 लिटर गायब. मधे कालवा नाही, काठाला पंप दिसला नाही. मोजणी दोनदा केली.

नकाशेवाली

वर्षाच्या हिशेबात विसर. 14 लिटर वर्षभर धरले तरी 320 चौरस किलोमीटरवर दीड मिलिमीटरही होत नाही.

खडकवेडी

वर्षाच्या हिशेबात विसर, ओढ्याच्या हिशेबात नको. त्या दिवशी ते पाव ओढ्याहून जास्त होतं. काठावर दाट झाडी आहे का? झाडं दुपारी इतकी पितात की ओढ्याचा प्रवाह दिवसाच्या दिवसात खालीवर होतो. मोजलंस किती वाजता?

कोरडाठाक

पाचवं ठिकाण सकाळी अकरा, सहावं दुपारी साडेतीन. झाडी आहे, चांगली दाट आहे.

खडकवेडी

मग पहाटे परत मोज, दोन्ही ठिकाणं पाठोपाठ. फरक मिटला तर झाडं. नाही मिटला तर पाणी तळातून खाली जातंय.

जुना_मोजणीदार

आणि खाली जात असेल तर माझा एक प्रश्न. सहावं ठिकाण म्हणजेच ना खोऱ्याचं तोंड, जिथे तुझी पट्टी आहे? तिथे पात्रात वाळू आहे की उघडा खडक?

कोरडाठाक

वाळू. पट्टी त्यातच रोवलेल्या खांबावर आहे.

जुना_मोजणीदार

वाळू किती खोल?

कोरडाठाक

...मोजली नाही, काका.

जुना_मोजणीदार

मग पट्टीखालून किती पाणी गुपचूप जातंय ते तुझ्या 230 मध्ये नाहीच. पहाटे जातोसच, तर सोबत एक लोखंडी सळई आणि हातोडा घेऊन जा. खडकाला लागेपर्यंत ठोक, रुंदीभर चार-पाच ठिकाणी. मग बोलू.

कोरडाठाक

रविवारी जातो. मधे पाऊस आला नाही तर.